पाद्री कसे आले, कसे रुजले? : धर्मांतरित कुटुंबांसाठी एक पाठ



पनवेलहून उरणच्या वाटेला लागलात की जासई लागते. तेथून पुढे उरणला गेलात तर द्रोणागिरीचा डोंगर दिसतो. त्या डोंगरावर जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंती आहेत आणि एका चर्चचे अवशेषही आहेत. न्हावा-शेव्याच्या समोर घारापुरीचे बेट आहे. तेथील शिवाची लेणी पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात. पण त्याच बेटावर दुसऱ्या टेकडीवर बौद्ध लेणी आणि स्तूपाचा उंचवटा आहे. तिकडे फार थोड्यांची पावले वळतात.

एकाच परिसरात स्तूप, शिवलेणे आणि चर्च! याचा अर्थ काय? आपल्या या किनाऱ्यावर माणसांनी एकदा नव्हे, अनेकदा धर्म बदललेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला प. पू. बाबासाहेबांनी आपल्याला जी दीक्षा दिली ते या भूमीवरचे पहिले धर्मांतर नव्हे. मग पूर्वी ज्यांनी धर्म बदलला त्यांचे पुढे काय झाले? त्यांची जात गेली काय? त्यांच्या मुलांना विद्या मिळाली काय? त्यांना माणूस म्हणून मान मिळाला काय? हे प्रश्न केवळ इतिहासाचे नाहीत. आज ना उद्या तुमचा मुलगा किंवा सून तुम्हाला हे विचारणार आहे. म्हणून या पाठात कॅथलिक पाद्री आपल्या मुलखात कसे आले, कसे राहिले आणि त्यांनी काय केले, हे पाहू.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा पाठ ख्रिस्ती बांधवांची निंदा करण्यासाठी नाही. वसईचा, गोव्याचा, मुंबईच्या गावठाणातला ख्रिस्ती माणूस आपलाच भूमिपुत्र आहे. इतिहास वाचायचा तो दुसऱ्याला हिणवण्यासाठी नव्हे, स्वतःला तपासण्यासाठी.

१. ते कोणाच्या जहाजातून आले?

१५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्क याने गोवा जिंकला. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी, मुंबई आणि आपले उरण, ज्याला त्या काळी करंजा म्हणत, ही सारी ठिकाणे त्यांच्या अमलाखाली आली.

सत्तेच्या पाठोपाठ पाद्री आले. फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री १५१७ च्या सुमारास गोव्यात स्थिरावले. १५४२ मध्ये जेझुइट संघाचा फ्रान्सिस झेवियर आला. १५४८ मध्ये डोमिनिकन आणि १५७२ मध्ये ऑगस्टिनियन आले. रोमच्या पोपने पोर्तुगालच्या राजाला एक विशेष अधिकार दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पूर्वेकडील मुलखात पाद्री पाठवणे, चर्च बांधणे, बिशप नेमणे हा राजाचा अधिकार आणि त्याचा खर्च करणे हे राजाचे कर्तव्य, असा तो करार होता.

म्हणजे पाद्री राजाच्या जहाजातून आला आणि राजाच्या तिजोरीतून पोसला गेला. त्याच्या हातात क्रूस होता, पण पाठीशी तोफ होती. हे लक्षात ठेवा. पुढचे बरेचसे यातूनच उलगडते.

२. ते गावात कसे राहिले?

पहिली गोष्ट जमिनीची. १५४० च्या सुमारास गोव्याच्या तिसवाडी भागातील देवळे पाडण्यात आली. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या चर्चांकडे आणि पाद्र्यांच्या विद्यालयाकडे वळवण्यात आले. जमीन गेली की गाव कसे मुळापासून हलते, हे जासईच्या माणसाला सांगायला नको. १९८४ च्या जानेवारीत रास्त मोबदल्यासाठी याच मातीत आंदोलन झाले आणि पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. ज्याच्या हाती जमिनीचे उत्पन्न, त्याच्या हाती गाव; हा नियम तेव्हाही होता.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. गोव्यातील बारदेश फ्रान्सिस्कनांकडे आणि साष्टी जेझुइटांकडे सोपवण्यात आली. वसईकडे आंतोनियो द पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मोठे काम उभे केले. एकाने दुसऱ्याच्या गावात जायचे नाही, आपले गाव सोडायचे नाही. पाद्री आज आला आणि उद्या गेला, असे नव्हे. तो गावात घर करून राहिला.

तिसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक चर्चमध्ये वह्या असत. कोणाचा बाप्तिस्मा केव्हा झाला, लग्न कोणाशी लागले, मरण केव्हा आले, हे त्या वह्यांत लिहिले जाई. चर्चच्या जोडीला शाळा असे. तेथे मुले धर्माची प्रश्नोत्तरे पाठ करीत, अक्षरे गिरवीत, गाणे-वाजवणे शिकत. रोग्यांसाठी दवाखाना आणि गरिबांसाठी मिझेरिकोर्दिया नावाची मदतसंस्था असे. जन्मापासून मरणापर्यंत माणसाच्या प्रत्येक प्रसंगी पाद्री दारात हजर असे.

या बांधणीचा परिणाम पाहा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता या किनाऱ्यावरून गेली. युरोपातून आलेले बहुतेक पाद्रीही गेले. पण वसईचा आणि साष्टीचा ख्रिस्ती समाज राहिला. गोव्यातून आलेल्या देशी पाद्र्यांनी त्यांची चर्चे चालवली. राजा गेला तरी समाज टिकला, कारण तोवर त्यांचा रविवार, त्यांची शाळा, त्यांची स्मशानभूमी, त्यांचे गाणे, हे सारे त्यांचे झाले होते.

३. आपल्या लेण्यांचे काय झाले?

बोरिवलीजवळ मंडपेश्वराचे लेणे आहे. फ्रान्सिस्कनांनी ते ताब्यात घेतले, त्याचे प्रार्थनास्थळ केले आणि वर मठ व विद्यालय बांधले. कान्हेरी ही तर आपली. शेकडो वर्षे भिक्खुसंघ तेथे राहिला. तेथील मोठ्या चैत्यगृहाचेही पाद्र्यांनी काही काळ संत मायकेलच्या नावाने चर्च केले.

पण खरी गंमत पुढेच आहे. दियोगो द कोतो हा पोर्तुगीज इतिहासकार. कान्हेरीबद्दल साष्टीतील वृद्धांकडून ऐकलेली कथा त्याने लिहून ठेवली. एका राजाने आपल्या मुलाला रोग, जरा आणि मरण दिसू नये म्हणून कोंडून ठेवले, अशी ती कथा होती. ती ऐकून कोतोला आपल्या धर्मातील संत जोसाफात आठवला. युरोपात जोसाफातची कथा फार लोकप्रिय होती. राजपुत्र, महालात वाढलेला. त्याला रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, आणि तो राज्य सोडून संन्यासी होतो. कॅथलिक चर्चने २७ नोव्हेंबर हा त्याचा स्मरणदिन मानला होता.

कोतोला वाटले की बुद्धाची कथा जोसाफातवरून आली असावी. विद्वानांनी पुढे सिद्ध केले ते उलट. 'बोधिसत्त्व' हा शब्द इराणी आणि अरबी मुलखांतून प्रवास करता करता 'बुदासफ' झाला, मग 'युदासफ' झाला, आणि युरोपात पोहोचला तेव्हा 'जोसाफात' झाला. म्हणजे ज्या तथागतांच्या चैत्यात पाद्री क्रूस उभारत होते, त्याच तथागतांना त्यांचे चर्च नकळत संत म्हणून वंदन करीत होते!

दुसरी घटना इतकी गोड नाही. १५६० मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय कोन्स्तांतिनो द ब्रागांसा याने लंकेतील जाफना घेतले. तेथे बुद्धाचा म्हणून पूजला जाणारा दात त्याच्या हाती लागला. पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, बौद्ध राजाने त्यासाठी फार मोठी रक्कम देऊ केली. तिजोरीला पैशाची गरज होती. पण आर्चबिशप गास्पार यांच्या नेतृत्वाखाली धर्मगुरूंची सभा भरली आणि मूर्तिपूजेला हातभार लावायचा नाही असे ठरले. दात खलबत्त्यात कुटून, जाळून, राख नदीत टाकण्यात आली. खरा दात आमच्याकडेच सुरक्षित आहे, असे सिंहली बौद्ध सांगतात. कँडीच्या विहारात तो आजही पूजला जातो.

यातून आपण काय समजावे? दात कुटता येतो. शिकवण कुटता येत नाही. जो धम्म दातात नव्हता तो दाताबरोबर गेला नाही. आपल्या घरातही मूर्तीला हार घालणे सोपे आणि पंचशील पाळणे कठीण, हे आपण विसरू नये.

४. त्यांनी भाषा धरली, आणि सोडलीही

१५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. तो चाळीस वर्षे येथेच राहिला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. धर्म बदललेल्या माणसांना आपली पुराणे आठवतात, ऐकायला नवे काही नाही, हे त्याने पाहिले. म्हणून त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत, ओवी छंदात लिहिली. तिला आपण 'क्रिस्तपुराण' म्हणतो. ती १६१६ मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापली गेली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. कोकणी भाषेचे व्याकरणही त्याने लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले.

परदेशातून आलेला माणूस आपली भाषा शिकतो, आपला छंद शिकतो, आणि अडाणी माणसाच्या कानापर्यंत पोहोचतो. हे काम मोठे आहे. तथागतांनीही लोकांच्या बोलीतच उपदेश केला, तो याच कारणासाठी.

पण पुढे काय झाले? १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत धर्म शिकवला तीच भाषा आता नकोशी झाली. सत्तेला माणूस जवळ हवा असतो तोवर ती त्याची भाषा बोलते. माणूस मुठीत आला की ती त्याला आपली भाषा बोलायला लावते.

५. बळजोरीने काय साधले?

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले. मधली चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालू राहिले. धर्म बदललेला माणूस चोरून जुने आचार पाळतो काय, हे ते पाहत असे. १७३६ च्या एका जाहीरनाम्यात तर अंगणात तुळस लावण्यापासून भात बिनमिठाचा शिजवण्यापर्यंत बारीकसारीक गोष्टींना मनाई केली होती.

१५८३ च्या जुलैमध्ये साष्टीतील कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट मारले गेले. त्यांच्या आधी त्या भागातील देवळे पाडली गेली होती. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि कापून काढले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले, आणि त्यात कोणाच्याही मनाला शांती मिळाली नाही.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. जोसेफ वाझ हा १६५१ मध्ये गोव्यात जन्मलेला देशी पाद्री. लंकेत त्या वेळी डच प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांना छळले होते. १६८७ मध्ये वाझ गरीब मजुराच्या वेषात तेथे उतरला. पाठीशी राजा नाही, तोफ नाही, पगार नाही. कँडीच्या बौद्ध राजाने प्रथम त्याला हेर समजून कैदेत टाकले. पण माणूस ओळखल्यावर त्याला सोडले आणि आपल्या राज्यात काम करू दिले. देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना टाकून पळाले. वाझने त्यांना उचलले, धुतले, खाऊ घातले. १७११ मध्ये तो कँडीतच वारला. २०१५ मध्ये पोपने त्याला संत म्हणून घोषित केले.

कॅथलिक पाद्री आणि बौद्ध राजा, दोघांनीही येथे माणुसकी दाखवली. सत्ता बाजूला झाली की धर्माचा खरा कस लागतो, तो असा.

६. जात गेली काय?

आता मूळ प्रश्नाकडे या. धर्म बदलला, जात गेली काय?

गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चार्दो, सुदीर असे भेद राहिले. महार-चांभारांतून ख्रिस्ती झालेले त्यांच्याही खाली राहिले. लग्ने जातीतच होत राहिली. चर्चच्या उत्सवातील मानाच्या मंडळींत, ज्यांना कोंफ्रारी म्हणतात, अनेक गावांत जातीप्रमाणे प्रवेश होता. देशी माणसाला युरोपीय पाद्र्यांच्या संघात जागा नव्हती. ज्यांना पाद्री होता आले ते बहुधा वरच्या जातींतले. मातेउश द कास्त्रो हा दिवाडीचा ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला दीक्षा नाकारली. त्याला रोमला जाऊन पाद्री व्हावे लागले, आणि तेथेच १६३७ मध्ये तो बिशप झाला. म्हणजे युरोपीयाने ब्राह्मणाला खाली ठेवले, आणि ब्राह्मणाने शूद्राला. ही उतरंडच ना?

दक्षिणेत मदुराईला १६०६ पासून रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट ब्राह्मण संन्याशाच्या वेषात राहिला. वरच्या जाती जवळ याव्यात म्हणून त्याने खालच्या जातींपासून अंतर ठेवले. पुढे वरच्यांसाठी वेगळे पाद्री आणि खालच्यांसाठी वेगळे, अशी सोय झाली. १७४४ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांना हुकूम काढावा लागला की पाद्र्यांनी अस्पृश्यांच्या घरीही गेले पाहिजे. तरीही एकोणिसाव्या शतकात तामिळ मुलखातील वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये दोन जातींना वेगळे बसवण्यासाठी मधोमध भिंत होती. देव एक, प्रार्थना एक, आणि मध्ये भिंत!

बाबासाहेबांनी हा इतिहास बारकाईने अभ्यासला होता. मिशनऱ्यांनी शाळा आणि दवाखाने काढले हे त्यांनी मान्य केले. पण त्याचा मोठा लाभ वरच्या जातींच्या हिंदूंनी घेतला, आणि धर्म बदललेल्या अस्पृश्याची जात त्याच्या मागोमाग चर्चमध्येही गेली, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांचे हे लेखन त्यांच्या पश्चात १९८९ मध्ये 'लेखन आणि भाषणे' या मालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केल्यापासून १९५६ पर्यंत एकवीस वर्षे त्यांनी विचार केला, तो उगाच नव्हे. दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याही उगाच नव्हेत. नुसते नाव बदलून जात जात नाही, हे त्यांना ठाऊक होते.

७. आपण काय घ्यावे, काय टाकावे?

टाकण्याची यादी सोपी आहे. सत्तेचा आधार, लालूच, दमदाटी, दुसऱ्याच्या श्रद्धास्थानाची मोडतोड. तथागतांनी तर स्वतःचे म्हणणेही पारखून घ्या असे सांगितले. शेजारच्या कुटुंबाने अजून धम्म घेतला नसेल तर त्याला टोमणे मारू नका. त्याच्या आजारपणात त्याच्या दारी जा.

घेण्याची यादी मात्र कष्टाची आहे. ते गावात राहिले. आपण वर्षातून दोनदा, जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनाला, विहार उघडतो काय? त्यांनी दर आठवड्याला मुले गोळा केली. आपली मुले दर रविवारी वंदना आणि अभ्यासासाठी बसतात काय? त्यांनी जन्म, लग्न, मृत्यूच्या वह्या ठेवल्या. आपल्या विहारात अशी एक साधी वही आहे काय? त्यांनी बोलीभाषेत शिकवले. आपण पाली गाथा म्हणतो, पण तिचा अर्थ आपल्या आईला आगरी-कोकणी बोलीत सांगू शकतो काय?

आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न. गोव्याच्या चर्चमध्ये जात शिरली म्हणून आपण बोट दाखवतो. पण आपल्या विहारात मातंग, चर्मकार, आदिवासी बांधव आला तर त्याला पुढे बसवतो काय? मुलीला स्थळ आले, तो बौद्ध आहे, शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, पण पूर्वीच्या दुसऱ्या जातीचा आहे. अशा वेळी घरातील वडीलधारी काय बोलतात? तेथे जर 'आपल्यातला नाही' हे शब्द निघाले, तर वडक्कनकुलमची ती भिंत आपल्या ओटीवर उभी राहिली असे समजा. ती भिंत कोणा पाद्र्याने बांधली नाही, कोणा राजाने बांधली नाही. ती आपणच बांधतो आणि आपणच पाडू शकतो.

आपल्या याच रायगड जिल्ह्यात, महाडला, १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी सर्वांचे होते, हे सिद्ध करण्यासाठी. आपला धम्मही सर्वांचा आहे, हे सिद्ध करण्याचे काम आता आपल्या घराघरावर आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. पाद्रोआदो म्हणजे काय? त्यामुळे पाद्र्यांच्या कामावर कोणता परिणाम झाला?

२. 'बोधिसत्त्व' या शब्दाचा 'जोसाफात' कसा झाला, ते मुलांना गोष्टीरूपाने सांगा.

३. १७३९ नंतर सत्ता गेली तरी वसईचा ख्रिस्ती समाज का टिकला?

४. जोसेफ वाझ आणि कँडीचा राजा यांच्या वागण्यातून कोणता बोध मिळतो?

५. धर्म बदलूनही जात का राहते? आपल्या घरात ती कोठे लपून बसली आहे, हे प्रत्येकाने एकेक उदाहरण देऊन सांगावे. आजीनेही सांगावे आणि नातवानेही.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर सर्वांनी अर्धा तास बसून हे प्रश्न घ्यावेत. उत्तरे लिहून ठेवली तर विहाराच्या वहीचे पहिले पान तेथेच सुरू होईल.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!